खुणा पुऱ्या झाल्या म्हणून नास्तिक गुडघे टेकतील काय?

गेल्या काही महिन्यांपासून सोलापुरातील आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: भूकंप, दुष्काळ आणि रोगराई वाढत चालल्याने शेवटला काळ जवळ आल्याचे उघड आहे, १९४८ साली इस्राएल राष्ट्र पुन्हा उभे राहिले, तेही भाकिताप्रमाणेच, इतकी भाकिते योगायोगाने खरी ठरू शकत नाहीत, आणि उरलेली पूर्ण होऊन ख्रिस्त मेघांवर येताना दिसला की नास्तिकांपुढे विश्वास ठेवण्यावाचून दुसरा मार्गच राहणार नाही. शेवटी हा संदेश दहा नास्तिकांना पाठवण्याची विनंती आहे. मी ख्रिस्ती आहे, शाळेत शिकवून निवृत्त झालो आहे, आणि प्रभूच्या पुनरागमनावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरीही या संदेशातला एकही मुद्दा मला मान्य नाही, आणि तो पुढे पाठवल्याने आपले नुकसानच होते असे मला वाटते.

भूकंप आणि दुष्काळ यांपासून सुरुवात करतो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आपला जिल्हा होरपळून निघाला. १८९६ साली पुन्हा पाऊस दडी मारून बसला आणि त्याच सुमारास मुंबई इलाख्यात प्लेग शिरला. १९७२ चा दुष्काळ तर आपल्यापैकी अनेकांनी खडी फोडून काढला आहे. या प्रत्येक पिढीला शेवटल्या काळाच्या खुणा सांगणारा, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय उघडून आपल्याच काळावर बोट ठेवता आले असते, आणि पुष्कळांनी ठेवलेही. जी खूण प्रत्येक पिढीला लागू पडते ती कोणत्याही एका पिढीची ओळख पटवू शकत नाही, हे समजायला नास्तिक असावे लागत नाही. शिवाय त्याच अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की लढायांविषयी ऐकाल तेव्हा घाबरू नका, कारण एवढ्यात शेवट नाही. संदेश लिहिणाऱ्याने नेमके हेच वाक्य गाळले आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा सोलापुरात आमच्या घरातली फडताळावरची भांडी खाली आली होती. दोन दिवसांनी आम्ही काही जण चादरी आणि भाकरी घेऊन तिकडे गेलो. विसर्जन करून झोपलेली माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाखाली गाडली गेली होती. मृतांचा आकडा पुढे दहा हजारांच्या घरात गेला. आमच्यातल्या एका बंधूने तिथेच एका शेतकऱ्याला सांगितले की ही प्रभूच्या येण्याची खूण आहे. तो माणूस हातातल्या पितळी तांब्याचा चेपलेला काठ अंगठ्याने सरळ करत बसला होता. त्याने मान वर न करता विचारले, "मग त्याला खूण करायला माझंच घर सापडलं का?" आमच्यापैकी कोणाजवळही उत्तर नव्हते. त्या शेतकऱ्याचा देवावर विश्वास होता. आपण 'खूण' हा शब्द उच्चारला आणि तोच विश्वास डळमळला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

योगायोगाच्या मुद्द्यावर माझ्या एका जुन्या मित्राचे उत्तर देतो. तो सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा, कम्युनिस्टांच्या लाल बावट्याखाली वाढलेला पक्का नास्तिक असून त्याने उभी हयात चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा कारागीर, म्हणून काढली आहे. मी त्याला हा संदेश वाचून दाखवला तेव्हा त्याने मला चादरीवर नक्षी विणणाऱ्या जकार्ड यंत्रापाशी नेले आणि वर माळेसारखे ओवलेले पुठ्ठे दाखवले. "मास्तर, आधी या पुठ्ठ्याला भोकं पाडावी लागतात, मग चादरीवर मोर उमटतो. चादर विणून झाल्यावर मी पुठ्ठा कापून आणला आणि म्हणालो की बघा, मोर आधीपासून ठरलेला होता, तर शेठ ऐकून घेईल का?" नास्तिकाचा आक्षेप याहून नेमक्या शब्दांत मांडता येणार नाही. काय घडले म्हणजे भाकीत खरे आणि काय घडले म्हणजे खोटे, हे आधी ठरलेले असावे एवढेच तो मागतो. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली फलज्योतिषाची चाचणी घेतली ती याच नियमाने: २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्यांवरून मूल हुशार की मतिमंद ते सांगायचे होते, आणि बरोबर उत्तरे निघाली ४६ टक्के, म्हणजे नाणे उडवून मिळाली असती त्याहूनही कमी. आपल्या बाजूने जेव्हा जेव्हा कोणी असा नेमका पुठ्ठा आधी कापून दिला, तेव्हा काय झाले? अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या येण्यासाठी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, तिथल्याच हॅरॉल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ सांगितली, आणि दोन्ही दिवस नेहमीसारखे मावळले. नास्तिक हे विसरत नाही, आणि त्याने विसरावे अशी अपेक्षा आपण करू नये.

१९४८ चा मुद्दा अधिक वजनदार आहे, म्हणून त्यावर थांबून विचार करायला हवा. ती घटना खरी आणि असामान्य आहे. पण तिच्यामागे ज्यूंच्या राष्ट्रासाठी भरलेली १८९७ ची बासेल येथील परिषद, त्याला ब्रिटिश सरकारचा पाठिंबा देणारी १९१७ ची बाल्फोर घोषणा आणि अर्ध्या शतकाचे राजकारण आहे, आणि प्राचीन ग्रंथांतली परत येण्याची आशा माहीत असलेल्या माणसांनीच ते घडवून आणले. जे भाकीत वाचून माणसे ते पुरे करण्यासाठी झटतात, त्याची पूर्तता पाहणाऱ्याला माणसाचे हातही दिसणारच. याहून मोठी अडचण पुढे आहे. संदेशाच्या म्हणण्याप्रमाणे जी माणसे त्या पूर्ण झालेल्या भाकिताच्या आत रोज राहतात, त्याच भूमीवर बाजारहाट करतात आणि मुले वाढवतात, त्या इस्राएलच्या नागरिकांतच स्वतःला धर्म न पाळणारे म्हणवणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांत उघड नास्तिकही आहेत. भाकिताची पूर्तता ज्यांच्या अंगणात झाली त्यांना तिने विश्वासाकडे आणले नाही, तर सोलापुरातल्या जॉबरला ती कशी आणील?

आता आपल्याच गावातले उदाहरण घ्या. दर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होमविधीच्या रात्री भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, चारा असे जिन्नस मांडतात, आणि ते कशाला तोंड लावते, बुजते की शांत राहते, यावरून येत्या वर्षाचा पाऊस आणि बाजारभाव सांगतात. एखाद्या वर्षी सांगितलेले तंतोतंत खरे ठरते आणि गावभर त्याची चर्चा होते. यात्रेविषयी मला आदर आहे, माझे शेजारी यात्रेतल्या उंच नंदीध्वजांसोबत अनवाणी चालतात. पण भाकणूक खरी ठरली म्हणून आमच्या मंडळीतला एकही माणूस सिद्धेश्वराचा भक्त झाल्याचे मी पाहिलेले नाही. आपण म्हणतो, अंदाज बरोबर आला, एवढेच. जो हक्क आपण स्वतःला घेतो तोच नास्तिकाला का नाकारायचा? आणि हा हक्क आपल्याला पवित्र शास्त्रानेच दिला आहे. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट आज्ञा आहे की एखाद्या संदेष्ट्याने सांगितलेले चिन्ह खरे ठरले तरी तो अन्य देवांच्या मागे नेत असेल तर त्याचे ऐकू नका. म्हणजे भाकीत खोटे ठरले तर संदेष्टा खोटा, पण ते खरे ठरले एवढ्यावरून त्याच्या मागे जावे असे शास्त्र म्हणत नाही. मत्तयाच्या त्याच चोविसाव्या अध्यायात खोटे ख्रिस्तही मोठी चिन्हे दाखवतील असा इशारा आहे.

राहिला शेवटचा मुद्दा, की प्रत्यक्ष पाहिल्यावर कोणी नाकारणार नाही. येथे मला माझ्या मित्राच्या बाजूने एक कबुली द्यायची आहे. तो म्हणतो की नेमके सांगितलेले, कोणालाही घडवून आणता न येणारे असे काही सर्वांदेखत घडले तर मी माझे मत बदलीन; आणि मी त्याला इतकी वर्षे ओळखतो की तो हे प्रामाणिकपणे म्हणतो याची मला खात्री आहे. पण त्याच्या मनात बदल होईल तो 'कोणी तरी आहे' एवढ्यापुरता. याकोबाच्या पत्रात म्हटले आहे की देव एकच आहे असा विश्वास भुतेही धरतात आणि थरथर कापतात. बायबलच्या ज्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या आधारे हा संदेश लिहिला आहे, त्याच्या नवव्या अध्यायात पीडांतून वाचलेली माणसे पश्चात्ताप करत नाहीत, आणि सोळाव्या अध्यायात ती होरपळून देवाचीच निंदा करतात. श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांच्या दाखल्यात अब्राहाम सांगतो की मोशे व संदेष्टे यांचे जे ऐकत नाहीत, त्यांची मेलेल्यांतून कोणी उठला तरी खात्री पटणार नाही. संदेश लिहिणाऱ्याचा वाद नास्तिकांशी नाहीच. तो या वचनांशी आहे.

मग अविश्वासातून माणसे येतात तरी कशी? पंडिता रमाबाईंनी आपली हकिगत स्वतः लिहून ठेवली आहे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण उपासमारीने गेली. संदेशाच्या हिशेबाने दुष्काळ ही खूण. पण रमाबाईंची होती ती श्रद्धाही त्या काळातच ढासळली. पुढे इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती मठातल्या भगिनी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिले, आणि हे तुम्ही का करता असे विचारले. एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखवली. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी आधी प्रश्न विचारला आणि मग वचन ऐकले, कारण विचारावेसे वाटेल असे काही समोर चालले होते.

माझ्या मित्राची बायको मागच्या पावसाळ्यात सिव्हिल हॉस्पिटलमध्ये अकरा दिवस होती. त्या अकरा दिवसांत आमच्या मंडळीतून तिच्याकडे एकदाही डबा गेला नाही, आणि त्याच आठवड्यात आमच्या गटावर हा संदेश चौदा वेळा आला. मी त्याला तो वाचून दाखवला तो आमचे म्हणणे लपवू नये म्हणून. त्याच्या मोबाइलवर मात्र पाठवला नाही.