‘एका दिवसात होतं’ म्हणालो होतो, त्याबद्दल

ताई, प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा ओशाळलो.

पाटणादेवी, कन्हेरगड आणि पितळखोऱ्याची बौद्ध लेणी एका दिवसात होतात, हा माझा लेख वाचून सासूबाई आणि दोन मुलांना घेऊन तुम्ही जळगावहून निघालात. पाटणादेवीला पोचायलाच दहा वाजले, कन्हेरगडावर दुपार झाली आणि पितळखोरा राहिलंच. तुमचे आरोप तीन: ‘एका दिवसात होतं’ ही थाप, पितळखोरा खानदेशात नाहीच, आणि ‘चार पडक्या लेण्यां’साठी एवढी पायपीट कशाला?

पहिला आरोप मान्य. एका दिवसात झालं हे खरं, पण कसं झालं ते मी लिहिलंच नाही. आम्ही तिघं सडेफटिंग, आदल्या रात्री मुक्काम चाळीसगावात, महिना डिसेंबर, उजाडता उजाडता पायथ्याशी, आणि जंगलातून पितळखोऱ्याला जाताना सोबत गावातला वाटाड्या. हे सगळं गाळून नुसतं ‘होतं’ लिहिणं म्हणजे भाकरी दाखवून चूल लपवणं. सासूबाई बरोबर असताना गड चढायचाच नव्हता. त्यांना पाटण्याच्या हेमाडपंती महादेव मंदिरात निवांत बसवायचं, मुलांना नागार्जुन कोठी या जैन लेण्यातल्या तीर्थंकरांपर्यंत न्यायचं आणि तिथूनच परत फिरायचं. पितळखोऱ्याला दुसऱ्या दिवशी गाडीने, कन्नडचा घाट चढून. तिथेही पायऱ्या उतरून दरीत जावं लागतं आणि त्याच परत चढायच्या असतात, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

दुसरं. कागदावर पितळखोरा कन्नड तालुक्यात, म्हणजे मराठवाड्यात. बरोबर. पण सातमाळा डोंगररांगेच्या कड्यावर उभं राहिलं की खाली पसरलेला मुलूख आपलाच दिसतो. तुम्ही ज्याला कन्नडचा घाट म्हणता त्याचं जुनं नाव औट्रम घाट. खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमवरून पडलेलं. आणि लेण्याच्या खांबांवर दाते म्हणून कोरलेत ते पैठणचे लोक. त्यात एक सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला. त्यांनी जिल्ह्याची हद्द विचारली नव्हती, मी तरी कशाला विचारू?

तिसऱ्याला मात्र मी हटून बसणार. पडकी आहेत, खडकच ठिसूळ. पण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची कोरणी आहे ही. चैत्यगृहात, म्हणजे स्तूपाच्या प्रार्थनागृहात, मान वर करून बघा: लाकडी फासळ्या कधीच गेल्या, त्यांच्या खाचा दगडात तशाच आहेत. चौथ्या लेण्याच्या जोत्याला हत्तींची रांग आहे. दाराशेजारी भिंतीवर नाग आहे, त्याच्या फण्यांतून वरचं पाणी बाहेर पडावं म्हणून आतून पन्हळ खोदलेली. मी त्या भोकात बोट घालून बघितलं, आत गार लागलं.

आणि लेखातल्या फोटोतला तो ढेरपोट्या हसरा यक्ष मुलांना दाखवायचा होता म्हणालात ना? तो तिथे नाहीच. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, हातावर घडवणाऱ्याचं नाव घेऊन: कण्हदास, धंद्याने सोनार. तेही मी लिहिलं नव्हतं.

लेख आज दुरुस्त केलाय. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, ते कळवा.