परदेशात उडायला निघालेला गट नवख्याच्या मापाने बांधा

पाऊस ओसरला की नाशिकच्या पॅराग्लायडिंगवाल्या मंडळींत एकच विषय सुरू होतो. दिवाळीनंतर नेपाळमधलं पोखरा करायचं की थेट पुढच्या जूनला आल्प्स? रविवारी मिसळ खाताना तारखा ठरतात, सोमवारी कुणीतरी तिकिटाचे दर टाकतं, आणि मुख्य प्रश्न तसाच राहून जातो: गटात सगळ्यात कमी उडालेला कोण आहे, आणि ती जागा त्याला झेपणार आहे का? माझं मत ठाम आहे. जागा, महिना, गाइड, उडायच्या वेळा, सगळं त्या एका माणसाच्या हिशोबाने ठरवा. बाकीच्यांना सहल थोडी सोपी गेली तर काही बिघडत नाही.

कामशेतला शिकलेल्याची सवय वेगळी असते. तिथे वारा टेकडीला धडकून वर चढतो, त्या पट्ट्यात आपण इकडून तिकडे फिरत राहतो आणि उतरायचं शेत कायम डोळ्यांसमोर असतं. फ्रान्समध्ये आन्सीच्या सरोवराजवळ कोल द ला फोर्क्लाच्या टेक-ऑफवरून निघालात, तर दूसारचं लँडिंग जवळपास 800 मीटर खाली असतं. साधी विंग (पायलटच्या डोक्यावरचा कापडी पंख) शांत हवेत सेकंदाला 1.2 मीटरच्या आसपास खाली येते, म्हणजे काहीच लिफ्ट, वर उचलणारी हवा, मिळाली नाही तरी दहा-अकरा मिनिटं हवेत. एवढी उंची कुठे संपवायची, मैदानाच्या कोणत्या बाजूला थांबायचं, शेवटचं वळण कुठे घ्यायचं, हे नवख्याने आधी जमिनीवर उभं राहून बघितलेलं असलं पाहिजे. पहिल्या दिवशी विंग गाडीतच ठेवा आणि सगळ्यांनी लँडिंगचं मैदान पायी फिरा.

डोंगरात माणसं फसतात ती बहुतेक दरीच्या वाऱ्याला. ऊन चढलं की उतार तापतात, तिथली हवा वर जाते, आणि तिची जागा भरायला खालच्या सपाटीवरची हवा दरीत ओढली जाते. दुपारी एकच्या सुमारास हा वारा जाणवू लागतो, तीन-चारला जोरात असतो आणि संध्याकाळी उतरतो. नवख्याच्या विंगचा वेग ताशी 36 ते 38 किलोमीटर. समोरून 25 चा वारा आला तर जमिनीवरून पुढे सरकायला उरतात 12. वारा 35 झाला की माणूस एका जागी लटकतो, घाबरून स्पीड बार (वेग वाढवायची पायाखालची दांडी) दाबतो, आणि नेमकी कमी उंचीवर, खडबडीत हवेत विंग कोलॅप्स होते, म्हणजे मिटते. शिवाय झाडांच्या आणि घरांच्या मागे हवा घोळते. दहा मीटरच्या झाडामागचा हा घोळ, म्हणजे रोटर, वारा जोरात असेल तर शंभर मीटरपर्यंत पुरतो. टेक-ऑफवर मात्र यातलं काही कळत नाही. वर झुळूक छान असते आणि खाली मैदानातला वारादर्शक आडवा झालेला असतो. म्हणून कमी तास असलेल्याने सकाळी साडेदहाच्या आत उतरावं, नाहीतर संध्याकाळी वारा पडल्यावर उडावं. मधल्या वेळेतली थर्मल, म्हणजे तापून वर चढणारी हवा, अनुभवी लोकांची. म्हणजे गाडीच्या दोन फेऱ्या होणार. तो खर्च बजेटमध्ये आधीच धरा, टेक-ऑफवर उभं राहून त्यावर वाद नको.

आल्प्समध्ये फॉन नावाचा वारा वेगळाच. पर्वत ओलांडून पलीकडच्या दऱ्यांत कोसळतो, आणि आकाश मात्र निळंशार दिसतं. आल्प्सच्या उत्तर आणि दक्षिण बाजूंच्या हवेच्या दाबात 4 हेक्टोपास्कलचा फरक दिसला की तिथले पायलट विंग उघडत नाहीत. तुम्हीही उघडू नका.

आता सामान. प्रत्येक विंगवर वजनाची मर्यादा छापलेली असते, समजा 75 ते 95 किलो. हे पायलटसकट सगळ्या सामानाचं वजन. नाशिकच्या उन्हात टी-शर्टवर, किटसकट 91 भरणारा माणूस तिकडे जाड जाकीट, बूट, थर्मल कपडे आणि दोन लिटर पाणी घेऊन सहज 95 च्या वर जातो. दर 100 मीटरला जवळपास एक अंश तापमान घटतं, त्यामुळे कपडे कमी करून चालत नाही. निघण्याआधी पूर्ण पोशाखात, पाठीवर किट घेऊन काट्यावर उभे राहा. आणखी एक: 2,500 मीटरवर हवा विरळ असते, त्यामुळे समुद्रसपाटीच्या तुलनेत विंग जवळपास 13 टक्के जास्त वेगाने चालते. धाव लांबते. दोन पावलं धावून हार्नेसमध्ये (पट्ट्यांच्या बैठकीत) बसायची सवय असलेले तिथे टेक-ऑफवर घसरतात.

रिझर्व्हबद्दल, म्हणजे संकटात फेकायच्या जादा पॅराशूटबद्दल, तर कळकळीने सांगतो. आपल्याकडचा पावसाळा काढलेला रिझर्व्ह तसाच उचलून नेऊ नका. ओलसर हवेत कापडाच्या घड्या एकमेकींना चिकटतात आणि तो उघडायला वेळ लावतो. सहा महिन्यांनी रिपॅक, म्हणजे उघडून पुन्हा घडी घालणं, हवंच. रिपॅकला देण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या झोपाळ्याच्या कड्यांना हार्नेस टांगा (कड्या पक्क्या आहेत ना, ते आधी बघा), आत बसा आणि फेकायचा सराव करा. हँडलकडे बघा, पकडा, बाजूला ओढा, मोकळ्या जागेत जोरात फेका. हे सगळं आल्प्समध्ये घालणार तेच जाड हातमोजे घालून करा. उघड्या हाताला मांडीजवळ पटकन सापडणारं हँडल हातमोज्यातल्या बोटांना सापडत नाही, तेव्हा पूर्ण मूठ आत सरकवावी लागते. हे घरी कळलेलं बरं. रिझर्व्हखाली उतरण्याचा वेग मानकाप्रमाणे जास्तीत जास्त सेकंदाला 5.5 मीटर, म्हणजे दीड मीटरवरून उडी मारल्यासारखा. पाय एकत्र, गुडघे जरा वाकलेले.

ग्राउंड हँडलिंग, म्हणजे जमिनीवर उभं राहून विंग सांभाळायचा सराव, इथेच करून घ्या. कांदा निघालेलं मोकळं शेत, मालकाची परवानगी आणि संध्याकाळचा वारा एवढं पुरतं. द्राक्षबागेजवळ मात्र नको, मांडवाच्या तारांत लाइन्स (विंगच्या दोऱ्या) अडकतात. दहा तास झाल्याशिवाय नवख्याचं तिकीट काढू नये असं मला वाटतं.

कागदपत्रांत सगळ्यात मोठा गैरसमज विम्याचा. शेंगेन व्हिसासाठी 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो मिळतो, व्हिसाही मिळतो, आणि त्याच पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले असू शकतात. स्वतः विंग चालवणं आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने बाहेर काढणं, हे दोन्ही कव्हर आहे असं लेखी मागा. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, स्वित्झर्लंडमध्ये तो सक्तीचा आहे. आयपीपीआय कार्ड (पायलटची पातळी सांगणारं आंतरराष्ट्रीय कार्ड) जवळ ठेवा. उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं परवान्याशिवाय भारतात बाळगता येत नाहीत, विमानतळावर अडवतात. ती तिकडेच भाड्याने घ्या. पोखराला व्हिसा लागत नाही, पण 2023 मध्ये नवीन विमानतळ सुरू झाला आहे, तेव्हा उडायची हद्द निघण्याच्या आठवड्यात नव्याने विचारून घ्या. आणि नऊ सीटच्या गाडीत आठ पायलट बसतात, त्यांच्या आठ मोठ्या बॅगा बसत नाहीत. ट्रेलर लागतो.

सात दिवसांत चारच दिवस उडायला मिळतील असं धरून चला. उरलेल्या दिवसांचे बेत आधीच ठरलेले असले की "एवढे पैसे घालून आलोय" हे वाक्य टेक-ऑफवर कुणी बोलत नाही. त्या वाक्याने माणसं उडतात, ज्यांनी त्या दिवशी उडू नये अशी माणसं उडतात. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही, हा नियम नाशिकमध्येच सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्या. टेक-ऑफवर प्रत्येकाचे पायांचे दोन आणि छातीचा एक पट्टा दुसऱ्याने हात लावून बघायचा, वीस वर्षं उडणाऱ्याचेही.

उतरल्यावर विंग लगेच गोळा करा. डोंगरात पसरून ठेवलेली विंग म्हणजे मदत हवी आहे असा अर्थ वरून जाणारे पायलट घेतात, आणि त्यासाठी हेलिकॉप्टर निघू शकतं. आधी विंग गोळा, मग रेडिओवर नाव आणि "ठीक आहे", मग हेल्मेट काढा, फोटो त्यानंतर.