टेस्टर पण आमचाच!

इन्व्हर्टरची वेगळी डीबी (स्विचांची पेटी) बसवून आज चौथा दिवस. काल रात्री साडेनऊला हॉलमधला बल्ब लावला, खाड्! आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) पडली. वर केली, बल्ब लावला, परत खाड्! 9 वॅटचा बल्ब हो! गिझर नाही, इस्त्री नाही.

फोन केला, तर वायरमन साहेब चक्क आले. स्टूल मागितलं, टेस्टर मागितला, पक्कड मागितली. चहा तेवढा मागितला नाही, कारण हिनं आधीच ठेवला होता. माझ्याच मोबाईलच्या उजेडात दोन मिनिटं डीबीत डोकावले आणि निकाल: "आरसीसीबीच डुप्लिकेट निघाली की ओ काका." मग काय केलं? तिच्या सगळ्या वायरी काढल्या, खालच्या-वरच्या थेट एकमेकींना पिळल्या, वर काळी चिकटपट्टी. "आता बघा पडते का!" अरे पडेल कशी बे, तिला तू कामावरूनच काढलास! शॉक लागून कोणी मरू नये म्हणून दोन हजार मोजून आणलेली वस्तू, आता भिंतीवर नुसती शोभेला.

चूक काय, तर फेज (करंट नेणारी वायर) नेला नव्या डीबीतून आणि न्यूट्रल (करंट परत आणणारी) ठेवला जुन्या बोर्डाच्या पट्टीवर. आरसीसीबी बिचारी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघते. 30 मिलीअँपचा फरक पडला की पडणार. हा बल्ब एकटाच 40 घेतो आणि परत येतो दुसऱ्याच वाटेनं! टॉवेलच्या कारखान्यात जमाखर्च लिहिण्यात माझी हयात गेली. रोजमेळ जुळला नाही तर मी पण असाच पडतो. मला कळतं ते याला कळू नये?

आणि मोटर! "मोटर इन्व्हर्टरवर घेऊ नको" हे तीनदा बजावलं होतं. चार दिवसांनी नळाला पाणी आलं, तेही पहाटे तीनला, आणि तेवढ्यात लाईट गेली. एक एचपीची मोटर थेट इन्व्हर्टरवर. टीं टीं टीं करून सगळं घर अंधारात, टाकी कोरडी, मी बनियनवर घागरी भरतोय. शिवाय भिंतीला पाडलेले चर अजून तसेच. ते बुजवायला गवंडी वेगळा, आणि तो "दहा मिनिटांत येलालो" म्हणून सोमवारपासून गायब.

तरी एक गोष्ट हिच्यासमोर बोललो नाही. जुना बोर्ड उघडला तेव्हा आत सगळ्या वायरी तांबड्या. फेज तांबडा, न्यूट्रल तांबडा, अर्थिंगसुद्धा तांबडी. कुठला न्यूट्रल कुठल्या खोलीचा, ब्रह्मदेवाला सुद्धा कळणार नाही. घर बांधताना "तीन रंग कशाला, एकच बंडल घ्या, स्वस्त पडतं" असं दुकानात उभं राहून सांगणारा शहाणा कोण? मीच.

असो. आज सकाळी नऊला येऊन न्यूट्रल वेगळे करून देतो म्हणाला होता वायरमन. साडेअकरापर्यंत वाट बघून फोन केला, तर उलट मलाच झापतोय: "नऊला येऊन चारदा बेल वाजवलो की ओ काका, तुम्हीच दार उघडला नाही!"

नऊला लाईट गेली होती. बेल इन्व्हर्टरवर घेतलीच नाही पठ्ठ्यानं.