वजन उतरेना, तेव्हा धीर किती धरावा?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर राजकारण आणि क्रिकेट सोडून तिसऱ्या विषयावर वाद रंगला, तर तो बहुधा तब्येतीचा असतो. कारण मैदानाभोवती फेऱ्या मारणारे आणि फेऱ्या मारून कट्ट्यावर टेकलेले, असे दोनच प्रकारचे लोक तिथे संध्याकाळी दिसतात. आमच्या टोळक्यातल्या अण्णांनी परवा जाहीर केले, की ते पहिल्या प्रकारातून कायमचे दुसऱ्या प्रकारात जाणार आहेत. दीड महिना त्यांनी मैदानाला रोज चार फेऱ्या मारल्या, रात्रीचा भात सोडून पोळी धरली, आणि वजन ८१ किलो होते ते ८१ किलोच राहिले. मधल्या एका सकाळी तर काट्याने ८२ दाखवले. "चालून वजन वाढत असेल, तर बसून काय वाईट?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो विनोदाने विचारलेला नव्हता.

मास्तरांनी पहिल्यांदा हिशेब मांडला. (ते निवृत्तीपूर्वी शाळेत गणित शिकवत असत, त्यामुळे हिशेब तोंडीच झाला.) मैदानाची एक फेरी एक किलोमीटरहून थोडी अधिक, म्हणजे चार फेऱ्या साडेचार-पावणेपाच किलोमीटर. अण्णांच्या वजनाच्या माणसाला एवढे चालायला बसून राहण्यापेक्षा साधारण २०० ते २५० कॅलरी जास्त लागतात, आणि शरीरातली एक किलो चरबी खर्ची पडायची तर सुमारे ७,७०० कॅलरींची तूट पडावी लागते. खाण्यात एका घासाचाही फरक पडला नाही असे धरले, तरी दीड महिन्यात फार तर सव्वा-दीड किलो उतरायला हवे होते. उलट पाणी, मीठ, पोटातले अन्न आणि शौचाची वेळ यांमुळे एकाच माणसाचे वजन एक-दोन दिवसांत एक-दोन किलोने सहज वरखाली होते. "जे मोजायचे आहे ते फार तर दीड किलो, आणि मोजमापातली चढउतार दोन किलो," मास्तर म्हणाले, "तेव्हा काटा काही सांगत नाही, याचा अर्थ काही घडत नाही असा होत नाही. चौपाटीवर उभे राहून एकेक लाट पाहिली, तर ओहोटी लागली की नाही हे कुणाला सांगता येईल?"

अण्णांना हे पटले नाही, कारण त्यांच्या मेहुण्यांचे उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर होते. त्यांनी दिवसातून दोनदाच जेवायला सुरुवात केली आणि पहिल्या पंधरवड्यात तीन किलो उतरवले. (दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. दीक्षित की थोडेथोडे वारंवार खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर, हा वाद आमच्याकडे पूर्वी इतक्यांदा झाला आहे, की तो पुन्हा काढायचा नाही असा अलिखित करार आहे. या वेळी तो कसाबसा पाळला गेला.) मेहुण्यांचे तीन किलो आणि अण्णांचे शून्य, यांतला फरक चरबीचा असेलच असे नाही, हे वहिनींनी समजावून सांगितले. वहिनी आयुष्यभर महापालिकेच्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ होत्या आणि घाईत कधी बोलत नाहीत. यकृत आणि स्नायू मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवून ठेवतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. खाणे एकदम कमी केले की हा साठा आधी संपतो आणि त्याचे पाणी लघवीवाटे निघून जाते. मेहुण्यांच्या तीन किलोंतला बराचसा भाग हाच असण्याची शक्यता मोठी. ज्याने खाणे तेच ठेवून अचानक चालायला सुरुवात केली, त्याच्या शरीरात नेमके उलटे घडते. सवय नसलेले स्नायू दुरुस्तीसाठी पाणी धरतात, ग्लायकोजेन थोडे जास्त साठवू लागतात, आणि व्यायामामुळे रक्तातल्या द्रवाचे प्रमाणही वाढते. "म्हणजे अण्णा, पहिल्या महिन्यात तुमचे अपयश जितके खोटे आहे, तितकेच त्यांचे यशही खोटे असू शकते," असे त्या म्हणाल्या. माझ्या मते त्या संध्याकाळचे सर्वांत मोलाचे वाक्य हेच होते, आणि सुरुवातीच्या निकालावरून हुरळून जाणारे आणि खचून जाणारे अशा दोघांनीही ते ऐकायला हवे होते.

इथे नाना भडकले. नाना हे अण्णांचे शाळेपासूनचे मित्र असल्यामुळे त्यांना भीडभाड नाही. "तुम्ही सगळे मिळून याला धीर देताय, पण धीर हे अनेकदा न पाहण्याचे निमित्त असते. अरे अण्णा, तू भात सोडलास, पण त्याच्या जागी तीन पोळ्या आणि त्यांवर तूप आले. फेऱ्या झाल्यावर आपण जो वडापाव खातो, त्यात तुझ्या चारही फेऱ्या परत येतात. दिवसाचे चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. गुरुवारी उपास म्हणून बशीभर साबुदाण्याची खिचडी, तीही दाण्याचे कूट सढळ हाताने घातलेली. याचा हिशेब कोण करणार?" अण्णांनी वडापाव रोज नसतो असे सांगितले, पण तो बहुतेक रोज असतो, याला आम्ही सर्व साक्षीदार आहोत.

नानांच्या बोलण्यात तिखटपणा होता, पण त्यांच्या बाजूने पुरावाही आहे, आणि तो वहिनींनीच पुढे केला. १९९२ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी अशा दहा जणांची तपासणी केली, ज्यांचे म्हणणे होते की आम्ही दिवसाला १,२०० कॅलरींपेक्षा कमी खातो, तरी वजन उतरत नाही. त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च सर्वसाधारण माणसासारखाच निघाला. मात्र आपल्या खाण्याचा अंदाज त्यांनी सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितला होता आणि हालचालीचा ५१ टक्क्यांनी जास्त. ही माणसे खोटारडी होती असे कुणी म्हटले नाही. खाल्लेले विसरणे आणि चाललेले लक्षात राहणे हा मनुष्यस्वभाव आहे, आणि म्हणून केवळ आठवणीवर विसंबून धीर धरण्यात अर्थ नाही.

मास्तरांचा आक्षेप असा होता, की लिहून ठेवणे ठीक, पण मग लोक रोज काट्यावर चढून रोज निराश होतात. त्यावर बराच खल झाला. रोज वजन करावे की आठवड्यातून एकदा, हा स्वभावाचा प्रश्न आहे. मात्र रोज केले तर आठवड्याची सरासरी काढावी आणि सरासऱ्यांचीच तुलना करावी, सकाळी शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी काट्यावर उभे राहावे, एवढ्यावर एकमत झाले. नानांनी आणखी एक मुदत घातली: तीन महिन्यांत काही दिसले नाही, तर पद्धत बदलायची. मास्तरांना ती फार कडक वाटली. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांनी सहकाऱ्यांसह २०११ साली मांडलेल्या गणिती प्रारूपाचा त्यांनी दाखला दिला. रोजच्या आहारात कायमचा छोटा बदल केला, तर त्यातून अखेरीस होणाऱ्या घटीपैकी निम्मी घट व्हायला साधारण एक वर्ष आणि जवळजवळ सगळी व्हायला सुमारे तीन वर्षे लागतात, असे ते प्रारूप सांगते. नानांचे उत्तर असे, की निम्मी घट वर्षाने होणार असेल, तर तीन महिन्यांत तिची निदान चाहूल तरी लागलीच पाहिजे. या मुद्द्यावर मी नानांच्या बाजूचा आहे.

पण मुदत नेमकी कोणत्या मोजमापाला लावायची? वहिनींचा खरा विरोध इथे होता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली स्वतःची आणि लंडनच्या एका सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली होती: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि सहकाऱ्याची ९.१ टक्के. आपल्याकडच्या माणसाचे वजन त्याच्या पोटातल्या चरबीबद्दल फार कमी सांगते, म्हणून शिंप्याची फीत घेऊन कंबर मोजावी. भारतीय पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर जाऊ नये. याहून मला नवीन वाटली ती चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या संशोधनाची गोष्ट. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेले हे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी आहार सुधारला आणि चालणे धरले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि तेही वजनात म्हणण्यासारखी घट न होता. अण्णांच्या वडिलांना आणि दोन्ही भावांना मधुमेह असल्यामुळे ते यावर गप्प बसले, आणि वादाला तिथे खरे वळण लागले. कारण फेऱ्या कशासाठी, हे तोपर्यंत त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

अखेरीस तीन महिन्यांची मुदत कायम राहिली, पण काट्याला एकट्याला नाही. "तीन महिन्यांची साखर" ज्या तपासणीत कळते ती एचबीएवनसी आत्ता एकदा आणि मुदत संपल्यावर एकदा करायची, थायरॉइडची तपासणी त्याच रक्तात उरकायची, आणि गुडघेदुखीसाठी मध्यंतरी दिलेल्या गोळ्यांत वजन वाढवणारे स्टेरॉइड होते का, हे डॉक्टरांना विचारायचे, असे वहिनींनी सांगितले. खाल्लेले लिहून ठेवायला अण्णांनी वही घ्यायचे कबूल केले. या तीन महिन्यांत गणपती येतात, त्या उकडीच्या मोदकांचे काय, असे नानांनी लगेच विचारले. त्यावर वहिनी म्हणाल्या, की मोदक खायचे, पण किती खाल्ले ते नानांनी नव्हे, अण्णांनी स्वतः लिहायचे.