गुळाने लाकडाची धूळ छातीतून निघत नाही

नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या फर्निचर कामगारांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: कामावरून सुटलं की गुळाचा खडा खा, भुसा छातीतून साफ होतो, मास्कची गरज नाही. हे खरं नाही. गूळ पोटात जातो, धूळ नाकातून फुफ्फुसात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे. धोका मुख्यतः नाक आणि सायनसला. दमा होतो तो वेगळाच. एमडीएफला (लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या बोर्डाला) पॉलिश पेपर मारताना उडणारी पिठासारखी धूळ रुमालातून आरपार जाते, तिथे एन-९५ मास्कच हवा. अंगावरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ती परत नाकातच जाते. गूळ आवडीने खा, पण मेसेज पुढे पाठवू नका; ज्या ग्रुपवर टाकलाय तिथे हा खुलासा टाका. आणि मशीनला धूळ ओढणारा पाइप बसवणं मालकाचं काम आहे, ते बिनधास्त मागा.