सहा कोंबड्या आणि एक पेशवेकालीन खांब

काल वखारीत मला दाखवलेल्या खांबाचं वय मी तिथे उभा होतो तेवढ्या वेळात दीडशेहून जास्त वर्षांनी वाढलं. भाव अर्थातच त्याच्याबरोबर चढत गेला.

परसात सहा गावरान कोंबड्या पाळायच्या आणि त्यांना जुन्या लाकडाचं खुराडं करायचं, एवढाच माझा बेत. नव्या सागवानात हात घातला तर कोंबडीला अंडं सोन्याचंच घालावं लागेल. जुनं सागवान मुरलेलं असतं, पावसाळ्यात वाकत नाही, वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. आणि नाशकात जुन्या लाकडाला काय तोटा? पंचवटीत, तांबट लेनमध्ये, भद्रकालीत वाडे पडतात, तिथे इमारती उभ्या राहतात आणि खांब, तुळया, चौकटी वखारीत येऊन पडतात. मला कोपऱ्यांना चार खांब हवे होते आणि कोंबड्यांना रात्री बसायला पाच फुटांची एक दांडी. कोंबडीमागे आठ-दहा इंच जागा धरायची, हा हिशेब.

वखारीच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत एक आबा बसले होते. ते मालक नव्हते, नोकर नव्हते, गिऱ्हाईक तर नव्हतेच; पण चहा पहिला त्यांना मिळत होता. मालक फोनवर असल्यामुळे माझी उलटतपासणी त्यांनीच सुरू केली.

"कशाला पाहिजे?"

"खुराड्याला."

आबांनी कप खाली ठेवला. "किती कोंबड्या?"

"सहा."

"म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवताय." शहरात बिबट्या शिरल्याच्या बातम्या नाशिककराला नव्या नाहीत, म्हणून मी गप्प राहिलो. "आन् कोंबडे किती?"

"कोंबडा नाही."

"मग अंडी कशी घालणार?"

मी समजावलं, की अंडं घालायला कोंबडा लागत नाही, पिल्लं हवी असतील तरच लागतो. दुकानातली ट्रे भरभरून येणारी अंडीही बिनकोंबड्याचीच. आबा माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग आतल्या पोराला हाक मारून म्हणाले, "ऐकलं का रे? कोंबडा लागत नाही म्हणे." पोरगं हसलं. फोनवरचा मालकही हसला. वखारीत त्या क्षणी माझी जी पत गेली, ती परत आलीच नाही.

मग खांब निघाला. आबा म्हणाले, सत्तर वर्षांचा. मालकाने फोन कानाशी धरूनच दोन बोटं दाखवली, दोन हजार. मी दीड म्हटलं. "सत्तर कुठला, शंभरच्या पुढचा असेल," आबा म्हणाले. मी खांबावर बोटांनी वाजवून पाहिलं. आवाज भरीव आला आणि माझ्या चेहऱ्यावर बहुधा आवड दिसली असावी. "हा आनंदवल्लीकडचा," आबा एकदम हळू आवाजात म्हणाले, "राघोबादादांच्या वाड्यातला." मालकाची बोटं चार झाली.

राघोबादादा आनंदवल्लीला राहिले हे खरंच. पण पेशवाई बुडाली १८१८ साली, आणि खांबात एक स्टारचा स्क्रू होता. अमेरिकेत त्या स्क्रूचं पेटंट झालं १९३६ साली. शिवाय ट्यूबलाइटच्या पट्टीचा पांढरा डाग. मी स्क्रूवर बोट ठेवलं.

"दुरुस्ती झाली असेल," आबा म्हणाले.

"कधी?"

"पेशव्यांच्याच टायमाला."

इथवर मी मजेत होतो. पण मालकाने फोन ठेवला, खांबावर तळवा टेकवला आणि म्हणाला, "साहेब, देवघराचा खांब आहे. त्याच्यावर कोंबड्या हगणार. पैशाचा प्रश्न नाही, मी देणार नाही." आबांनी मान हलवली. पाच मिनिटांपूर्वी हा खांब राघोबादादांचा होता, पण ते कोणाच्याच लक्षात नव्हतं.

माझ्या आजीकडे बांबूचं डालगं होतं. संध्याकाळी कोंबड्या खाली, डालगं उपडं, वर दगड. त्या दगडाचा इतिहास तिला कोणी विचारला नाही.

तेवढ्यात एक पांढरी गाडी आली. उतरलेल्या गृहस्थांना नव्या हॉटेलच्या काउंटरमागे लावायला 'काहीतरी वाड्याचं' हवं होतं. देवघराचा खांब त्यांना पाच हजारांत मिळाला, वर हळद-कुंकू लावायचा सल्ला फुकट. मेनूत चिकन आहे का, हे कोणी विचारलं नाही. मी विचारलं. आहे. म्हणजे जिवंत कोंबडी वर बसली तर विटाळ आणि तळलेली खाली आली तर वारसा! आणि वाडा पडत होता तेव्हा ही भक्ती कुठे होती? भाडेकरू आणि वारसदार कोर्टात भांडत असताना छपरं गळत होती, नक्षीच्या महिरपी बंबात जळत होत्या, तेव्हा देवघर कोणाला आठवलं नाही. ते आठवलं सहा कोंबड्यांवर.

शेवटी मी पॅलेटच्या फळ्या घेतल्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रांबरोबर येतं ते पॅकिंगचं लाकूड. अशा फळ्यांवरचा शिक्का बघूनच घ्यावं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा विषारी धूर दिलेला, ती नको. 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान अर्धा तास तापवलेलं, ती चालते. भेगाही बघाव्या, कारण कोंबड्यांचे गोचीड दिवसा भेगेत लपतात आणि रात्री रक्त पितात. वखारीतले दिवसाही पितात.

आबांनी खुर्चीतूनच शिक्का वाचला. "एचटी! हाय टेन्शन. विजेच्या खात्याचा माल आहे, जपून."

टेम्पोत फळ्या भरल्या, तर आबा पुढच्या सीटवर आधीच बसलेले. "सीबीएस बसस्टँडला सोडा मला, वाटेवरच आहे." वाटेवर नव्हतं. ते आणि ड्रायव्हर सबंध रस्ताभर कुजबुजत होते. मी मागे, फळ्या धरून. उतरताना आबा म्हणाले, "अंडी सुरू झाली की आठवण ठेवा. पण आधी कोंबडा आणा."

घरी पोचल्यावर ड्रायव्हरने ठरलेल्या भाड्यावर शंभर रुपये वाढवून मागितले. मी म्हटलं, कशाचे? साध्या पॅलेटच्या फळ्या आहेत, शिक्का आहे बघ त्यांच्यावर.

"तेच ना साहेब," तो म्हणाला. "हाय टेन्शनचा माल. रिस्क आमची असते."