सकाळची सही दुपारी चालत नाही

'रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी चराची तपासणी केली की पुरे' हे खोदलेल्या चरातल्या कामाच्या सुरक्षिततेवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. सकाळची तपासणी हवीच, पण चर काही दिवसभर सकाळसारखा राहत नाही. पावसाची सर येऊन गेली, काठाजवळ पोकलेन येऊन उभा राहिला, शेजारची जुनी पाइपलाइन पाझरायला लागली, की माणसं खाली उतरण्याआधी पुन्हा बघायलाच हवं. आमच्या साइटवर सकाळी आठला रजिस्टरमध्ये 'ठीक' लिहून सही झाली होती. दुपारी जेवून परत आलो तर काठापासून हातभर अंतरावर, चराला समांतर, बोटभर रुंद भेग. सकाळी तिथे काही नव्हतं. मुकादमाने कुणाला खाली उतरू दिलं नाही म्हणून वाचलो. तासाभरात तो अख्खा काठ आत बसला. रजिस्टरमध्ये मात्र त्या दिवशी 'ठीक'च!

आणि उपसलेल्या मातीबद्दल लेखात अवाक्षर नाही. ढीग काठापासून निदान 60 सेंटिमीटर मागे हवा. एक घनमीटर माती म्हणजे दीड टनाच्या आसपास, ओली असेल तर आणखी जड. ती काठावर रचायची आणि खाली माणूस उभा करायचा? छातीपर्यंत गाडला गेला तर डोकं बाहेर असूनही श्वास घेता येत नाही. 'चर दीड मीटरच खोल आहे, त्याच्या भिंतींना आधार कशाला' म्हणणाऱ्यांनी खाली वाकून पाइप जोडणाऱ्याचं डोकं कुठे असतं तेवढं एकदा बघावं.